मेलेल्या काड्या

आमच्या वनस्पतिशास्त्र डिपार्टमेंटमध्ये किस्से साठायला वेगळं काही करावं लागत नाही. मोरेश्वरला, म्हणजे आमच्या फील्डच्या माणसाला, सकाळी बाहेर पाठवायचं आणि संध्याकाळी काय झालं ते विचारायचं, बस.

या वेळी मात्र हसू येत नव्हतं. मिहान प्रकल्पाकडच्या रस्त्यांना कुंपण म्हणून एक परदेशी झुडूप लावायचं होतं. ते रानभर पसरेल का, हे आम्ही सांगायचं. छापील फॉर्म असतो, प्रत्येक धोक्याला एक गुण. आठ झाले की झुडूप बाद.

आमच्या विभागप्रमुख खेडकर मॅडमची ही रिटायरमेंटआधीची शेवटची सही. पूर्वी एकदा त्यांनी अशाच एका झुडपाला 'धोका नाही' लिहून दिलं होतं. त्याने त्यांच्याच गावचं चराऊ रान गिळलं. भाऊ अजून त्यांच्याशी धड बोलत नाही.

*

जनावरं खातात का? हुडकेश्वरच्या एका बाईंच्या बकरीपुढे मी फांदी धरली. तिने तोंड फिरवलं. पुन्हा धरली, तशा बाई वैतागल्या.

"काहून तिच्या मागं लागून राहिले गा? थे लग्नाच्या पत्रिका खाते. हे नाही म्हन्ते तं नाही."

खात नाही म्हणजे धोका. एक गुण मिळाला.

*

पक्षी फळं खाऊन बिया पसरवतात का? मोरेश्वर तीन दिवस झुडपाखाली बसला. रिपोर्ट आला, 'एकही पक्षी नाही.'

"एकही कसा नाही? दिवसभर तू करत काय होतास?"

"हाकलून राहिलो होतो ना, मॅडम. तुमीच म्हन्लं, फळं मोजून ठेव, एक बी कमी नाही झालं पाहिजे."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढच्या आठवड्यात मी स्वतः लांब बसलो, तेव्हा बुलबुल आले आणि फळं खाऊन गेले. आणखी एक गुण.

*

मग ही झुडपं पुरवणारे कंत्राटदार आले. गोड बोलणारा माणूस. जाताना म्हणाले, "जिथं अडलं तिथं 'माहीत नाही' लिहा ना, मॅडम. त्याला शून्यच असते."

आमचा फॉर्म त्यांनी आमच्यापेक्षा नीट वाचला होता.

*

सात गुण जमले. उरला एकच प्रश्न, तोडलेली काडी मातीत रुजते का? आम्ही वीस काड्या लावल्या होत्या. सगळ्या वाळल्या. मीच प्रत्येकीला 'मृत' अशी चिठ्ठी बांधली. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी जायचा होता.

मॅडम चिडल्या की गावच्या बोलीवर येतात. "हे पसरनार आहे, मले माहीत आहे. पन माह्या माहीत असन्याले फॉर्मात रकाना नाही."

मग पुरावा म्हणून त्यांनी मेलेल्या काड्या मागवल्या. मोरेश्वरने एकोणीसच आणल्या.

"विसावी?"

"थे कामात आहे, मॅडम."

आम्ही मागच्या अंगणात गेलो. मोरेश्वरने कुंडीत टमाट्याचं रोप लावलं होतं, आधाराला ती काडी खोचली होती. रोप वाळून गेलं होतं. काडीला माझी चिठ्ठी तशीच होती, आणि चिठ्ठीच्या वर चार हिरवी पानं.

मॅडम कुंडीशी खाली बसल्या. "मोरेश्वर, टमाट्याचं काय झालं?"

"मेलं, मॅडम."

"आणि ही काडी?"

मोरेश्वरने वाकून चिठ्ठी वाचली.

"हे बी मेली आहे, मॅडम. सरनं लिहून देल्लं आहे."