हलदारबाबूंची माकडटोपी

इंजिनाच्या नळ्या रोज झाडा, काजळी साठतेच. आमच्या रेल्वेच्या लोको शेडमधल्या किश्श्यांचं तसंच आहे. मी तेव्हा कलकत्त्यात मिस्त्र्यांवर देखरेख करणारा चार्जमन होतो. घरी जाऊन बायकोला काही सांगायला लागलो की ती म्हणायची, "आधी हात धुवा!"

*

शेडमधलं सगळ्यात जुनं इंजिन राणीच्या काळातलं. आम्ही त्याला म्हातारी म्हणायचो. तिचा फायरमन रामधनी बिहारचा, कोळशाच्या फावड्यावर वांगी भाजण्यात पटाईत. नवे साहेब पहिल्याच दिवशी शेडमध्ये शिरले, नाक वर केलं आणि म्हणाले, "बेअरिंग जळतंय कुठलं तरी." झालं, सगळी इंजिनं तपासून झाली! दुपारी ते बेअरिंग साहेबांनी रामधनीच्या लिट्टीबरोबर मिटक्या मारत खाल्लं.

*

शेडचा एक रिवाज होता. दुरुस्तीसाठी इंजिनाच्या भट्टीत शिरणाऱ्याने आपली टोपी भट्टीच्या दाराला टांगायची. टोपी दिसली की आत माणूस आहे, आग घालायची नाही. आणि ती काढायची ज्याची त्यानेच.

बॉयलरचे मिस्त्री हलदारबाबू बेहाला उपनगरातून यायचे. हवेत जरा गारवा आला की त्यांच्या डोक्यावर माकडटोपी चढायची. एकदा ती दारालाच विसरून ते घरी गेले. हाका मारल्या, हातोडीने ठोकलं, शेवटी मी आत शिरून कोपरा न् कोपरा चाचपला. भट्टी रिकामी! तरी टोपीला हात लावायला कुणी धजेना. गाडी रखडली. दुसऱ्या दिवशी हलदारबाबू शिंकत आले.

साहेब भडकले. "टोपीचं खूळ आजपासून बंद!" त्यांचंही चूक नव्हतं, वरती जाब त्यांनाच द्यावा लागला होता.

*

थोड्याच दिवसांनी साहेब स्वतः म्हातारीची भट्टी बघायला आत शिरले. हॅट अर्थातच टांगली नाही, बाजूला ठेवली. शेजारचं इंजिन वाफ सोडत होतं, त्यामुळे काही ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात रामधनी भट्टी पेटवायला दुसऱ्या इंजिनातले रसरशीत निखारे फावड्यावर घेऊन आला आणि थबकला. दाराला माकडटोपी, आणि हलदारबाबू तर शेजारीच चहा पीत उभे!

आज पुन्हा विसरले म्हणत त्याने टोपीकडे हात नेला. हलदारबाबूंनी त्याचं मनगट धरलं आणि कानाशी ओरडले, "टुपी आमार. साहेब भेतोरे!" टोपी त्यांची, त्यांनीच टांगलेली, आणि आत साहेब!

रामधनीने फावडं खाली ठेवलं.

साहेब काळेठिक्कर होऊन बाहेर आले. त्यांनी निखारे पाहिले, टोपी पाहिली. टोपीकडे गेलेला हात मागे घेतला.

"हलदारबाबू, काढा ती. ज्याची त्यानेच काढायची ना?"

हलदारबाबूंनी आधी चहा संपवला.