चालणाऱ्याच्या वेगाने

शेठना मोटरसायकल हळू चालवता यायची. यात काय मोठं, असं वाटेल. पण जुनी, जड बुलेट माणसाच्या चालीने, पाय जमिनीला न टेकवता, बाजारातून स्मशानापर्यंत नेऊन बघावी. डाव्या हाताने क्लच अर्धा दाबलेला, उजव्या पायाने मागचा ब्रेक हलका धरलेला, पाठ ताठ आणि नजर आरशात. गाडी डुलायची नाही, घसरायची नाही, जणू कुणी तिला दोरीने ओढत नेतंय. पोरं त्यांना तोंडावर शेठ म्हणत आणि पाठीमागे ‘फर्स्ट गिअर’. हे त्यांना माहीत होतं. ‘टॉप गिअरमदे सगलेच जातान,’ एवढंच म्हणत.

ते राई गावचे. खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं. त्यांच्या जमिनीवर आता इमारती उभ्या राहिल्या होत्या, पण गावातला एक जुना रिवाज त्यांच्याकडे राहिला होता. गावात कुणी गेलं की तिरडीच्या पुढे एक जण चालायचा, वाट मोकळी करत. पूर्वी वाटेत गुरं असत, नंतर रिक्षा आणि टेम्पो आले. तेव्हापासून शेठ पुढे पायी न जाता बुलेटवरून जाऊ लागले. पुढे कधीतरी आसपासच्या एका घरचा जवान गेला, तेव्हा त्यांना कुणीतरी बोलावलं. त्यांच्यामागे पंधरा-वीस पोरं आपापल्या गाड्या घेऊन आली आणि मग येतच राहिली. मीरा रोडचा घरोघर पार्सल पोचवणारा एक जण, औषधाच्या दुकानातला गुजराती भाऊ, पेणकरपाड्याचे दोन सख्खे भाऊ, बँकेतली एक मुलगी. या मंडळाला नाव नव्हतं, बॅनर नव्हता. नियम मात्र होते. हॉर्न नाही, रेस नाही, घोषणा नाहीत, मोबाईल खिशात. नव्या पोराने सायलेन्सर फाडला की शेठ गाडी थांबवून मागे वळत आणि हिंदीत सांगत, ‘बारात नहीं है ये.’ तेवढं पुरायचं.

माझा फौजेतला धाकटा भाऊ सुमेध सीमेवर बर्फात गेला, तेव्हा ते आमच्या घरी आले. आम्ही मूळचे महाडकडचे. वडील असतानाच नवघरला राहायला आलो होतो. निरोप येऊन दोन दिवस झाले होते, पेटी दुसऱ्या दिवशी यायची होती. त्या दोन दिवसांत घरात खूप माणसं येऊन गेली. कुणाला बॅनरसाठी फोटो हवा होता, कुणाला नावाचं स्पेलिंग. मंडप कुठे घालायचा यावर आमच्याच जिन्यात भांडण झालं. मी सगळ्यांना उत्तरं देत होते. आई भिंतीला टेकून बसली होती.

शेठ आत आले, चपला बाहेर काढून दाराजवळच उभे राहिले. रडले नाहीत, धीरही दिला नाही. फक्त विचारलं, घरातलं कोण कोण चालणार. हा प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता. आई म्हणाली, ‘मी.’ मी लगेच तिच्या गुडघ्यांचं सांगायला लागले. जिना उतरताना तिला कठडा धरावा लागतो, स्मशानभूमी लांब आहे, ऊन आहे, साहेब लोकांनी गाडीची सोय केली आहे. शेठनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ताई, मी आईना इचारलाय.’

मग त्यांनी आईला कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत चालून दाखवाल का, असं विचारलं. मला ते क्रूर वाटलं. पण आई उठली. ती गिरणीपर्यंत गेली, तिथे शटरला हात लावून उभी राहिली, आणि परत आली. शेठ तिच्या शेजारून चालले. गप्पा नाहीत, आधाराला हात नाही. ते तिच्या पावलांकडे बघत होते. परत आल्यावर त्यांनी मान हलवली आणि गेले. पुढे कळलं, प्रत्येक घरी ते हेच करत. चालणारं जे कुणी सगळ्यात हळू असेल, त्याची चाल बघून घेत.

दुसऱ्या दिवशी फुलांनी सजवलेला लष्कराचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. पुढे दोन रांगांत मोटरसायकली, सगळ्यांच्या पुढे शेठ, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. आईला गाडीत बसायला सांगितलं गेलं. तिने ट्रकची कड धरली आणि तिथेच उभी राहिली. शेठनी आरसा जरा बाहेर वळवून तिच्यावर लावला, आणि आम्ही निघालो.

ती चाल मला अजून पायांत जाणवते. आई दहा-वीस पावलं टाकायची आणि थांबायची. ती थांबली की पुढे शेठ थांबायचे. त्यांच्याकडे बघून ट्रक चालवणारा जवान ब्रेक दाबायचा. दुकानांतून लोक बाहेर येऊन उभे होते. एकाने स्टूल आणलं. आई नको म्हणाली. बसले तर उठायची नाही, एवढं ती माझ्या कानाशी बोलली.

अर्ध्या वाटेवर हातात फोन घेतलेले एक गृहस्थ पुढून घाईने आले. मोठे साहेब येऊन थांबलेत, सलामीची तुकडी उन्हात उभी आहे, मावशींना आता गाडीत घ्या, असं ते मला सांगू लागले. त्यांचं चुकत नव्हतं. ऊन खरंच होतं. मीही इतकी थकले होते की हे एकदाचं संपावं असं वाटत होतं. एवढ्यात दोन गाड्यांची इंजिनं तापून बंद पडली, क्लच जळाल्याचा वास आला. शेठ गाडी स्टँडला लावून मागे आले. ते गृहस्थ त्यांनाच सांगू लागले की तुमच्या पोरांना जरा स्पीड वाढवायला सांगा.

शेठ हळूच म्हणाले, ‘साहेब, जवान तुमचा हाय, खरा हाय. पन पोरगा तिचा हाय. ती बसली तं आमी बी गाडीवर बसू. तवर न्हाय.’

मग त्यांनी हात वर करून मूठ मिटली. एकामागून एक सगळी इंजिनं बंद झाली. सगळे उतरले आणि गाड्या हाताने ढकलू लागले. नवघरच्या त्या रस्त्यावर मला वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मग आईचा आवाज ऐकू आला. ती चालता चालता पुटपुटत होती, बुद्धं सरणं गच्छामि. कधीपासून म्हणत होती कोण जाणे. मी तिच्या सुरात सूर मिळवला. ती शेवटपर्यंत चालत गेली. साहेबांनीही उन्हातच उभं राहून वाट बघितली.

महिन्याभराने शेठ चहाला आले. तेव्हा मी विचारलं, हे इतकं हळू चालवायला शिकलात कुठे. त्यांनी चहा बशीत ओतला. पहिल्या खेपेची गोष्ट आहे, म्हणाले. हायवे मोकळा मिळाला, पोरं जोशात होती, झेंडे होते, त्यांनीही गाडी सुसाट सोडली. ट्रकवालाही मागोमाग आला. मागून त्या जवानाचा बाप चालत येत होता, हे कुणी बघितलंच नाही. ‘चपला हातात घेऊन पलत आला म्हातारा. एका बापाला पोराच्या मागं पलायला लावला आमी.’ एवढं बोलून त्यांनी चहा संपवला आणि आईच्या गुडघ्याला कोणतं तेल लावता ते विचारलं.

पुढे त्यांचं डावं मनगट गेलं. क्लच धरायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा ते मिठागराकडच्या रिकाम्या रस्त्यावर पोरांना शिकवू लागले. चालायला माणूस हवा म्हणून बायकोलाच घेऊन जात. वैनी डोक्यावर पदर घेऊन गाड्यांच्या मधून चालायच्या आणि बोलत राहायच्या. ‘जिती हाय तवरच मिरवताय मला? मागून येनाऱ्यांना सांगा, बाजाराची पिशवी तरी धरा.’ पोरं हसायची. शेठ हसत नसत. ती थांबली, तू का न्हाय थांबलास, असं एकेकाला विचारत.

गेल्या महिन्यात शेठ गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी आणि आई रिक्षाने राईला गेलो. आईला आता चालवत नाही. ती ओट्यावर बसून राहिली आणि मी बायकांबरोबर निघाले. त्यांच्यात बायका गावच्या कोपऱ्यापर्यंत जातात आणि तिथून परत फिरतात. पुढे तीच पोरं होती, इंजिनं बंद करून गाड्या ढकलणारी.

कोपरा आला. दोघी-तिघींनी रिवाजाप्रमाणे मागे फिरवायला वैनींचे दंड धरले. वैनी हलल्या नाहीत. पुढे बँकेतली मुलगी मागे वळून बघत होती. तिने गाडी थांबवली, मग सगळे थांबले आणि खांदेकरीही थांबले. उशीर होतोय म्हणून कुणी कुजबुजलं, पण पाऊल कुणी उचललं नाही. खांदे बदलले गेले. ऊन चढत होतं. दंड धरलेल्या बायकांचे हात आपोआप सुटले. वैनी तिरडीपाशी गेल्या, शेठच्या कपाळावरची फुलं बाजूला केली, आणि नुसत्या बघत उभ्या राहिल्या. त्यांचं बघून झालं तेव्हा त्या स्वतःच वळल्या. मग गाड्या हलल्या.

घरी येऊन त्या ओट्यावर आईशेजारी बसल्या. डोळे कोरडे होते, खूप दमलेले. कुणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या, ‘कोनी चल म्हटला न्हाय मला.’

आईने दुखरे पाय जरा ओढून घेतले आणि वैनींना भिंतीला टेकायला जागा करून दिली.