बारा वाव खाली

मी इंजिन बंद करते आणि होडीच्या फळीवर डोकं टेकते. भर दुपार आहे. देवगडचं दीपगृह इथून सुपारीएवढं दिसतंय. नऊ दिवसांत मी सलग दोन तासही झोपलेले नाही. मिटल्या पापण्यांवरचा तांबडा उजेड हळूहळू विझतो.

"काय गो, आज पण इलंस?"

समोरच्या फळीवर रुपेश बसलाय. आमच्या साखरपुड्यातला निळा शर्ट, कोरडा ठणठणीत.

"खंय आसस तू?"

"तुझो आलेख काय म्हणता?" तो हसतो.

आलेखामुळेच तो गेला. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय आमच्याकडे होडी लोटत नाहीत. पौर्णिमेला चार दिवस होते. मी लाटांच्या उंचीचे आकडे दाखवले आणि म्हटलं, दर्या शांत आहे, जा. होडी सापडली, तो नाही. माझ्या समुद्रशास्त्राच्या पदवीवर गावात त्याचाच काय तो विश्वास होता.

आता आम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहोत. काचेच्या भांड्यांत पापलेटं उभी आहेत. नळाचं पाणी वर चाललंय.

"प्रवाह दक्षिणेकडे, वारा नैऋत्येचा," मी फळ्यावर मांडते. "म्हणजे तू इथेच असायला हवास. आजच सापड. उद्या तुझे बाबा दर्भाचा पुतळा करून जाळणार आहेत."

"जाळूंदे."

"मग तुला कोणी शोधणार नाही."

"आता तरी कोण शोधता? तू एकटीच. बाकीचे कधीच घराक गेले."

तो दार उघडतो. पलीकडे त्याच्या घरची चूल आहे. त्याची आये फुंकणीने फुंकतेय, पण धूर वर न जाता जमिनीवर पसरतो. जमीन मऊ आहे, पाय घोट्यापर्यंत रुततात. खिडकीतून मांदेलीचा थवा आत येतो आणि निघून जातो.

"आये, हिका जेवूक वाढ," तो म्हणतो. आयेला ऐकू येत नाही.

"वर चल, रुपेश. माझ्याकडे दोर आहे."

"कितको?"

"बारा वाव."

"पुरता. पण बांधतलंस कशाक?"

मी त्याचं मनगट धरायला जाते. बोटं आत शिरतात. थंड, मऊ. हाड कुठेच लागत नाही.

होडी डुलतेय. सूर्य हातभर उतरलाय. माझ्या उजव्या हाताची बोटं काळ्या गाळाने माखली आहेत, नखांत तो घट्ट बसलाय. मी वास घेते. सडक्या अंड्यांचा. तळाच्या गाळाला असाच वास असतो, आणि तळ इथून बारा वाव, म्हणजे सत्तर-बहात्तर फूट, खाली आहे. बाही कोरडी आहे. मी कारण शोधते. सापडत नाही.

हात धुवायला पाण्याकडे नेते आणि थांबते. पुतळ्यात घालायला त्याचं काहीसुद्धा नाही, असं आये काल म्हणत होती. मी मूठ मिटते, डाव्या हाताने इंजिनची दोरी ओढते आणि होडी किनाऱ्याकडे वळवते.