गाडी वाळेपर्यंत

ओल्या गाडीची चावी ते कुणाच्या हातात देत नसत. गाडी धुऊन आली की ती उन्हात उभी करायची, दोन कापडांनी पुसायची आणि त्यानंतरही दहा मिनिटं थांबायचं. गिऱ्हाईक घड्याळ बघत असायचं, गिऱ्हाइकाची मुलं मागच्या सीटवर चढून बसलेली असायची, तरी ते थांबायचे. कुणी फारच चिडलं तर सांगायचे, "साहेब, ओल्या गाडीवर ओरखडा दिसत नाय. आता दिसला नाय, तर परत आणाल तेव्हा दिसेल. आनि तेव्हा तो तुमचा असेल."

म्हणून त्यांचं नाव पडलं वाळवणकाका. गाड्या आणणारे-नेणारे ड्रायव्हर त्यांना रोज छेडायचे, "काय काका, झाले का पापड? की अजून एक ऊन पाहिजे?" काका मान वर न करता म्हणायचे, "झालेत कधीच. तुझ्यासारखा कावळा टपून बसलाय ना, म्हणून राखत बसलोय."

आमचं ऑफिस कल्याणहून शहाडकडे जाताना लागायचं. ड्रायव्हरशिवाय गाडी भाड्याने द्यायची, लोकांनी ती स्वतः चालवायची, असा धंदा. पुढे काचेचं छोटं ऑफिस, मागे पंचवीस-तीस गाड्यांचं आवार. बीकॉमच्या शेवटच्या वर्षाची फी भरण्यासाठी मी तिथे काउंटरवर लागले होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. बाबा डोंबिवलीत एमआयडीसीत वॉचमन आहेत. आम्हा चौघांचं त्यांच्या पगारात भागतं, पण त्यात माझी फी बसत नव्हती. पहिल्याच दिवशी मॅनेजर सर म्हणाले होते, "एक तक्रार आली की दुसऱ्या दिवशी यायचं नाही. कळलं?" मला ते फार नीट कळलं होतं.

माझं काम गोड बोलायचं आणि 'कवच' विकायचं. कवच म्हणजे भाड्याच्या वर थोडे पैसे भरले, की गाडीला काही झाल्यास गिऱ्हाइकाला ठरावीक रकमेपर्यंतच भरपाई द्यावी लागते. वस्तू वाईट नव्हती. विकण्याची पद्धत वाईट होती, असं मला आता वाटतं. घाटात दरड आली तर, मागून ट्रकने ठोकलं तर, असे प्रश्न आम्हाला पाठ करायला लावले होते. माणूस घाबरला की फॉर्म पुढे सरकवायचा. फॉर्मवर कवचाच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली असायची.

काकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण ती चौकट कागदावर कुठे असते हे त्यांना माहीत होतं. एकदा मी एका जोडप्याची सही घेतली, आणि काकांनी तो कागद हातात घेऊन मला बाजूला बोलावलं.

"ही खूण कोणी केली गो? त्यांनी का तू?"

"ती आधीच असते काका."

"आधीच म्हंजे? आईच्या पोटातून घेऊन आला हा कागद?"

मग ते त्या जोडप्याकडे गेले आणि साध्या आवाजात म्हणाले, "तुम्ही जे जास्तीचं घेतलंय ते घ्या, नका घेऊ, तुमची मर्जी. पण टायर, काच आनि गाडीचं पोट त्यात येतं का, ते एकदा विचारून घ्या. आनि काही झालंच तर पहिले किती रुपये तुमच्या खिशातून जाणार, तेपन." त्यांनी मला विचारलं. मला सांगता आलं नाही. फॉर्मचं मागचं पान मी स्वतःही वाचलं नव्हतं. त्या रात्री घरी वाचलं. टायर, काच, गाडीचं पोट, तिन्ही त्यात येत नव्हतं.

काका मूळचे तिथल्याच एका गावचे. तीस वर्षं गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग केलेलं. रंगाच्या धुराने छाती कायमची धरलेली, त्यामुळे गाडीभोवती एक फेरी मारली की टेकून उभे राहायचे. पण ती फेरी चुकायची नाही. ड्रायव्हरच्या दारापासून सुरुवात, मग पुढचा बंपर खाली वाकून, चारही चाकांच्या कडा, टप, डिकीतलं जादा चाक. गिऱ्हाइकाला स्वतःच्या मोबाइलवर सगळ्याचा व्हिडिओ काढायला लावायचे. "कंपनीने फोटो काढलेत ते कंपनीकडे राहणार. तुम्हाला लागतील तेव्हा सापडतील का? तुमचा तुम्ही काढा. आनि बोला मोठ्याने, किती किलोमीटर, पेट्रोलचा काटा कुठे हाय." लोक लाजत बोलायचे. एक आजोबा तर लग्नाच्या व्हिडिओसारखे सगळ्यांची नावं घेऊन बोलले होते. काकांनी तेही शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग त्यांच्या सूचना. पेट्रोल जितकं दिलंय तितकंच भरून आणा, पंपाची पावती फेकू नका. टोल आपोआप कापला जातो आणि हिशेब दोन दिवसांनी येतो, तेव्हा कुठले टोल लागले ते लिहून ठेवा. यायला उशीर होणार असेल तर वेळ संपायच्या आधी फोन करा. नंतर केलात तर तो उशीर धरतात. हे सगळं ते इतक्या थकल्या आवाजात सांगायचे, की मला वाटायचं, आता हे वाक्य अर्ध्यावर सोडून देतील. सोडलं नाही कधी. मी एकदा विचारलं, "काका, कंटाळा नाही येत?" ते म्हणाले, "येतो ना. रोज येतो. पण जुना डाग नव्या माणसाच्या नावावर चढवून त्याचे पैसे कापायचे, आनि त्याचं तोंड बघत उभं राहायचं, त्याचा जास्त येतो."

सरांना ते नकोसे होते. एका गाडीला वीस-पंचवीस मिनिटं लावणारा माणूस कुणाला परवडतो? पण सगळ्या गाड्यांच्या अंगावरचा प्रत्येक ओरखडा त्यांना तोंडपाठ होता, आणि दर महिन्याच्या करारावर ते स्वस्तात काम करत होते. म्हणून चाललं होतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्याकडून अकरा गाड्या जायच्या होत्या. सगळ्या कोकणात. काका एक गाडी पोचवायला कोपरीला गेले होते आणि परतताना वाटेत अडकले होते. ऑफिसात माणसांना बसायला जागा नव्हती. डोंबिवलीच्या एका दवाखान्यातले कंपाउंडर बायको आणि म्हाताऱ्या सासूला घेऊन आले होते. मी त्यांना कवचाबद्दल तीन वेळा विचारलं. ते तिन्ही वेळा हसून म्हणाले, "नको मॅडम. आम्ही सावकाश जाणारी माणसं." सर आतून म्हणाले, गाडी पटकन दे, पुढचे थांबलेत. कंपाउंडर काउंटरवर फोनवरून पैसे भरत होते, तोवर मी एकटीच आवारात गेले. गाडी नुकतीच धुतलेली, सगळ्या अंगावर पाण्याचे थेंब. मी चार फोटो काढले, फॉर्मवर 'डाग नाही' असं लिहिलं आणि सही केली.

तेवढ्यात काका आले. धापा टाकत होते. कंपाउंडर सामान घेऊन बाहेर येत होते, काकांनी त्यांच्या सासूबाईंची पिशवी डिकीत ठेवली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "फिरवून दाखवली ना गो?"

मी म्हणाले, "हो काका."

त्यांनी माझ्या हातातली चावी घेतली आणि कंपाउंडरना दिली.

सहा दिवसांनी गाडी परत आली. मागच्या डाव्या दारावर, खाली, हातभर लांब ओरखडा. सरांनी माझा फॉर्म काढला. डाग नाही. अनामत रकमेतून पैसे कापावे लागतील, म्हणाले. कंपाउंडर म्हणत राहिले, आम्ही कुठेच घासलं नाही हो, अंगणात उभी होती. सर अगदी शांतपणे म्हणाले, "म्हणून तर आम्ही सांगतो, कवच घ्या. घेतलं असतं तर हा प्रश्नच आला नसता." कंपाउंडरच्या बायकोने नवऱ्याकडे अशी नजर टाकली, की तीन वेळा नको म्हटल्याबद्दल त्यांनाच अपराधी वाटायला लागलं. मी काउंटरच्या मागे उभी होते. बोलायचं होतं. फीचा दुसरा हप्ता पुढच्या सोमवारी होता. मी बोलले नाही.

काका बाहेरून आले, दाराजवळ वाकले, बोटाने ओरखड्याची कड चाचपली. मग आत येऊन सरांना म्हणाले, "जुना हाय हा. ह्याच्या आधी ही गाडी मी दिलेली, त्या कागदावर मी काढून ठेवलाय. तो कागद काढा."

"काका, तुम्ही बाहेर जा. मी बघतो."

"कागद काढा ना साहेब. मग जातो."

गिऱ्हाइकासमोर सरांना कागद काढावा लागला. गाडीच्या छापील चित्रावर मागच्या डाव्या दारावर काकांनी पेनाने रेघ मारलेली होती. अनामत पूर्ण परत मिळाली. मला वाटलं, संपलं. पण कंपाउंडर खुर्चीतून उठले ते सरळ काकांसमोर जाऊन उभे राहिले.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! चावी तुम्हीच दिलीत मला. तेव्हा दाखवायला काय झालं होतं? सहा दिवस गणपतीत होतो आम्ही, आणि इथे येऊन चोर ठरलो. वयाचा तरी विचार करा. तुमच्यासारख्या माणसांमुळेच फसतात लोक."

काकांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही पाहिलं. गाडीवर कुठे काय आहे ते बघायचे, तसंच पाहिलं. मग कंपाउंडरना म्हणाले, "चुकलं साहेब."

मी तेव्हाही बोलले नाही.

पुढच्या महिन्यात काकांचा करार वाढवला नाही. त्या प्रकरणामुळे, असं कुणी म्हणालं नाही. वय झालं, तब्येत बरी नसते, आता सगळं मोबाइलवरच होणार आहे, असं म्हणाले. शेवटच्या दिवशी त्यांनी दुपारपर्यंत चार गाड्या पुसल्या. ड्रायव्हरपैकी कुणी छेडलं नाही. संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर गेटपर्यंत गेले.

"काका, त्या दिवशी ती गाडी..."

"ओली होती. आलो तेव्हाच दिसली मला."

"मग तुम्ही मला विचारलंत कशाला?"

"विचारलं, तू हो म्हणालीस. मला घाई होती, दम लागलेला. म्हटलं, पोरगी खोटं कशाला बोलेल." ते गेटला टेकले. छातीत घरघर होत होती. "तू नाय दाखवलीस, मी नाय बघितली. दोघांचं झालं ते. फी भरलीस का?"

"भरली."

"बरं झालं," ते म्हणाले आणि रिक्षाला हात केला. त्यांनी मला माफ केलं का, हे मला त्यातून समजलं नाही. अजूनही समजलेलं नाही. वर्षभरात ते गेले. ड्रायव्हरपैकी एकाकडून कळलं, तेव्हा दहावाही होऊन गेला होता.

शेवटचा पेपर झाल्यावर मी ती नोकरी सोडली. तोपर्यंत मात्र रोज गेले, हे लिहायला हवं. काकांचं काम सुटल्यावर आलेली प्रत्येक गाडी मी पुसून घ्यायचे, गिऱ्हाइकाला फिरवायचे, कवचाची खूण त्याची त्याला करायला सांगायचे. त्यामुळे माझी विक्री कमी झाली आणि सर बोलायचे. बाबांनाही मी आता सही करण्याआधी कागद घरी आणायला सांगते. ते म्हणतात, "एवढं कोण वाचतं?" आणि आणतात. हे सगळं करूनही मला बरं वाटत नव्हतं. कंपाउंडरांचा दवाखाना आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून होता. त्या रस्त्याने जायचं मी बंद केलं होतं.

काका गेल्याचं कळलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी तिकडे गेले. दवाखान्यात गर्दी होती. मी बाकावर बसून राहिले. शेवटी कंपाउंडरनीच खिडकीतून विचारलं, "नंबर घेतलात का? काय होतंय?"

मी उठून खिडकीपाशी गेले. म्हणाले, मला काही होत नाहीये, गाडीचं सांगायचंय. गणपतीतली भाड्याची गाडी. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"हां हां! ते म्हातारेबुवा. बघा, मी अजून विसरलेलो नाही. मुद्दाम दाखवलं नव्हतं हो त्यांनी. इथे येणाऱ्या सगळ्यांना सांगतो मी, तिथे एक म्हातारा आहे, त्याच्यापासून जपून राहा."

"ते नव्हते," मी म्हणाले. "गाडी मी तपासली होती. फॉर्मवर सही माझी आहे. त्यांनी मला विचारलं होतं आणि मी खोटं बोलले."

मी त्यांना आठवत नव्हते, हे दिसत होतं.

"तुम्ही? पण चावी तर त्यांनीच दिली होती."

मागे एक बाई तापलेलं मूल खांद्यावर घेऊन उभी होती. तिला मी पुढे जाऊ दिलं. तिची पुडी बांधून होईपर्यंत बाजूला उभी राहिले, आणि मग कंपाउंडरना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.