विचारून सोडायचे पतंग

विचारल्याशिवाय काहीही न करणारा माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात एकच असेल, आणि ते नेमके माझे साडू आहेत. रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहेत. अंगणातल्या आंब्याची फांदी तोडायची, तर तिच्या सावलीत स्कूटर लावणाऱ्या शेजाऱ्याची परवानगी आधी घेतात. स्वयंपाकघरात झुरळ दिसलं की चप्पल उगारून "कोणाची हरकत?" असं घरभर विचारतात, तोवर झुरळ आपल्या घरी पोचलेलं असतं. स्वतःच्या लग्नात त्यांनी धाकट्या मेहुणीला विचारलं, "तुझी ताई नेतोय, चालेल ना?" ती दहा वर्षांची, "नाही" म्हणाली. तिची समजूत काढता काढता मुहूर्त टळला. तीच पुढे माझी बायको झाली. आमच्या लग्नात कोणी कोणाला काही विचारलं नाही, मलासुद्धा.

तर या साडूंची एकुलती लेक हैदराबादला प्रयोगशाळेत आहे. भाताच्या खोडकिड्याचे जे पतंग असतात, त्यांच्या नरांत ती असा काही बदल करते, की त्यांच्या पोटी माद्या जगतच नाहीत. फवारणीशिवाय कीड हळूहळू आटत जाते. गेल्या उन्हाळ्यात तिने विचारलं, गागोद्याजवळच्या आपल्या शेतात हे पतंग सोडून बघता येतील का? सरकारी परवानग्या यथावकाश येतील, आधी गावाचं मन कळू दे. जमलं असतं, तर ती दोन वर्षं घरी राहणार होती. साडूंनी तिची खोली रंगवूनही घेतली, अर्थात रंग तिला विचारून.

मग लेकीला, आणि वालाच्या बिरड्याच्या आमिषावर पेणहून मला, अशा दोघांना घेऊन ते निघाले. वरच्या खाचरातलं पाणी खाली सोडताना आमच्याकडे खालच्याला विचारतात. पतंग तर बांध मानतच नाहीत, म्हणून साडूंनी आजूबाजूच्या सातही शेतकऱ्यांना विचारायचं ठरवलं. खालच्या खाचराची म्हातारी हट्टी, तिला वगळा, असं मी सुचवलं. अशा बाबतीत माझी बुद्धी फार वेगाने चालते. त्यांनी ऐकलं नाही. लेक समजावून सांगे, समोरचा हो म्हणे, आणि साडू वर स्वतःहून सांगत, "नाही म्हटलंत तरी चालेल हो. एकदा सोडलेले परत बोलावता येत नाहीत." मी त्यांना कोपराने ढोसून दमलो.

सहा जण तरीही हो म्हणाले. सातवी ती म्हातारी. तिने हातातलं सूप बाजूला ठेवलं.

"पानी नको असला तर मी बांध घालीन. या पाखराला बांध कुठं घालू, मास्तर?"

लेकीने पुन्हा सगळं सांगितलं. हे पतंग फार लांब जात नाहीत, माणसांना, गुरांना काही करत नाहीत. म्हातारीने तिच्या हातावर हात ठेवला. "तुजा खरा असल गो. पर माजा मन होत नाय."

साडूंनी तिचे आभार मानले, चहा घेतला आणि विषय संपवला. परतीच्या वाटेवर लेक म्हणाली, "बाबा, सातांतले सहा हो म्हणाले होते."

"हो. पण विचारलं सातांना होतं."

चाचणी दुसऱ्या राज्यात गेली, तिच्यामागे लेकही गेली.

परवा रविवारी मी रोह्याला होतो, तेव्हा तिचा फोन आला. तिकडे आता ती स्वतःच दारोदार फिरते. आदल्या दिवशी एक आजोबा नाही म्हणाले, त्यामुळे आता दुसऱ्या गावात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. साहेब वैतागलेत, असं सांगून हसत होती. साडूंनी फोन ठेवला. "म्हणजे दिवाळीलाही तिला यायचं जमणार नाही," एवढंच म्हणाले, आणि त्या आजोबांची गोष्ट शेजाऱ्यांना सांगायला चपला घालून निघालेसुद्धा.