महादेवाच्या हातातली सुई

मी कंपनीत फिटर होतो आणि भोसरीत भाड्याच्या खोलीत राहत होतो, तेव्हाची गोष्ट. नव्या वर्षाला कंपनीनं कॅलेंडर दिलं. त्यावर पहाडी मुलखातलं जुनं चित्र छापलेलं. वहीच्या पानाएवढंच, पण रेघ इतकी बारीक की वाघाच्या कातड्यावरचा केस न् केस दिसावा. झाडाखाली पार्वती मांडीवर लेकरू घेऊन बसलेली आणि शेजारी गोरापान महादेव चक्क गोधडी शिवतोय!

बायकोला तेव्हा सातवा महिना. बाळासाठी तिनं गोधडी शिवायला घेतलेली, पण बोटं सुजली आणि सुई धरवेना. चित्र बघून ती हसायलाच लागली.

"अवो, देव शिवतोय बघा. तुमी चार टाके घातले तर काय बिघडंल?"

"हा आपला महादेव न्हाई. आपल्या देवळात पिंड हाय. पिंडीला कधी हात फुटल्यात का?"

"मग गळ्यातला नाग कुणाचा? तुमच्या फोरमनचा?"

चौथी नापास असलो तरी बायकोपुढं हरणारा मी नव्हे. कॅलेंडर उलटं करून टांगलं.

"शाळेत तुमाला उभं करायचे, तसं देवाला भिंतीकडं तोंड करून उभं केलंय व्हय?" म्हणत तिनं ते सुलटं केलं. मी उलटं करायचो, ती सुलटं. गोधडी मात्र होती तिथंच.

एके दिवशी सेकंड शिफ्टला निघताना बघतो, तर ती दातानं सुई ओढतीय. दार लोटलं, गोधडी मांडीवर घेतली, खडूनं सरळ रेघा आखल्या आणि बसलो टाके घालत.

नेमका शेजारी मला कामावर जायला हाक मारत आत आला. कंपनीत आमच्याच शॉपमधला.

"काय राव! फिटरचा शिंपी कधी झाला?"

आता कंपनीभर बोभाटा होणार. गोधडी लपवायला जागा नव्हती, आणि मी लपवणारही नव्हतो. भिंतीवर सुलट्या टांगलेल्या कॅलेंडरकडं बोट केलं.

"आदी त्याला विचार. मग मला."

त्यानं वर बघितलं. सवयीनं हात जोडले गेले, आणि मग गड्याला हसायची सोयच राहिली नाही.

तो बाहेर पडल्यावर बायको म्हणाली, "काय वो, हाय नव्हं आपलाच महादेव?"

"हाय," मी म्हणालो. "पन टाके लांब लांब घालतोय."

त्या गोधडीत आमची तिन्ही लेकरं वाढली. देवाच्या टाक्यांबद्दल माझं म्हणणं अजून तेच आहे.