उजवा कान आणि मागोमाग येणारी जीप

साजगावच्या एका कारखान्याच्या पर्सोनेल ऑफिसरने मला आणि शेवंताबाईला एकाच वाक्यात फसवलं. वाक्य होतं, “जीप मागोमाग येतेय.”

माझी ॲम्ब्युलन्स होती. म्हणजे जुना टेंपो, मीच पांढरा रंगवलेला. आत स्ट्रेचर आणि शेजारी बाकडं. बाकडं पेशंटच्या घरच्या माणसासाठी. कारखान्याशी करार करताना मी भरपूर घासाघीस केली, वेटिंगचा आकार सोडला, पण बाकड्याची अट सोडली नाही. ओळखीचा हात हातात असला की पेशंट कमी तडफडतो, हे मी गाडी चालवून शिकलो होतो.

त्या सकाळी यशवंत नावाचा कामगार प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर, कामाला होता. तिथून पडला. खांद्याला मार, डोक्याला जखम. कारखान्याच्या कंपाउंडरने डोकं गच्च बांधलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. त्याची बायको शेवंता धावत आली आणि बाकड्यावर बसली.

तेवढ्यात ऑफिसर आला. “ड्रायव्हर, बाईला उतरव. गाडीत रडारड नको. कंपाउंडर बसेल.”

“मी मालक आहे. आणि बाकडं तिचं आहे.”

“बरं, मालक! वेळ घालवू नका. जीप मागोमाग येतेय, तिला घेऊन.”

यशवंत कण्हत होता. भांडत बसलो असतो तर नुकसान त्याचंच. शेवंता उतरली, कंपाउंडर बसला, मी गाडी काढली.

खोपोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हाका मारल्या, प्रश्न विचारले. यशवंत छताकडे बघत पडलेला.

“ओ देत नाही. डोक्यात आतून रक्तस्राव असेल, तर मुंबईला हलवायला हवं. एरवी कसा बोलतो हा? घरचं कुणी आलंय?”

कंपाउंडरने माझ्याकडे पाहिलं, मी दाराकडे. जीप नव्हती. डॉक्टर मुंबईला फोन लावायला गेले आणि मी टेंपो साजगावला पळवला.

शेवंता गेटवर तशीच उभी होती.

“जीप कुठाय?” मी वॉचमनवर ओरडलो.

“पळसदरीला गेली. सायबाचे पाव्हणे धरणावर हायेत, त्यांचा जेवणाचा डबा घेऊन.”

त्यावर मी जे बोललो ते छापता येणार नाही.

शेवंता दवाखान्यात शिरली, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि थेट डॉक्टरांवर खेकसली, “आवो, ह्यांचा उजवा कान का बांदला? डावा कवाच गेलाय, त्या मशिनीच्या आवाजानं. ऐकू येतं ते ह्याच कानानं!”

डॉक्टरांनी स्वतः कानावरची पट्टी सैल केली. शेवंता वाकली. “आवो, मी आलेय.”

“वरडतेस कशाला गं?” यशवंत पुटपुटला. “मगाधरनं सगळ्यांची नुसती तोंडं हालतायत. मला वाटलं, मी मेलो.”

डॉक्टर आधी हसले, मग त्यांनी सगळं पुन्हा तपासलं. नाव, गाव, किती बोटं, सगळी उत्तरं बरोबर. खांद्याचं हाड मोडलं होतं. डोक्यासाठी रात्रभर देखरेख, मुंबई रद्द.

संध्याकाळी मी ऑफिसरच्या टेबलावर हात आपटला. तो म्हणाला, “माणूस बरा आहे ना? मग तक्रार कसली?”

पेशंटची निम्मी माहिती बाकड्यावर बसते. तिला उतरवलं की डॉक्टरसुद्धा आंधळे होतात. साहेब, तुम्ही आता रिटायर होऊन आरामात असाल. वाचत असाल तर उत्तर द्या. डब्याला जीप मिळाली, शेवंताला का नाही?